रवाळ तूप आणि ११५७ किलोमीटरची वाहिनी

१/ पौषात एरंडोलकडे खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. हीच अडचण शेकडो किलोमीटर लांबीच्या पोलादी नळात उद्भवली तर? स्वतंत्र भारतापुढे ती उद्भवली होती.

२/ १९५३ साली आसामात नाहरकटिया येथे खनिज तेल सापडले. शुद्धीकरण मात्र गुवाहाटी व बिहारमधील बरौनी येथे व्हायचे होते. त्यासाठी १९६२ ते १९६४ या काळात ११५७ किलोमीटरची वाहिनी कार्यान्वित झाली. पण हे तेल मेणयुक्त. सुमारे ३० अंश सेल्सिअसखाली ते ओतले जाईना. आणि हिवाळ्यात जमीन त्याहून पुष्कळ थंड.

३/ वाहते तेल पंप कसेबसे ढकलतात. खरे भय थांबण्याचे. प्रवाह थांबून तेल निवले, की मेणाचे सूक्ष्म स्फटिक परस्परांत गुंतून जाळे विणतात आणि उरलेले द्रव तेल त्यात कोंडले जाते. ते जाळे मोडण्याइतका दाब नळाला सोसला नाही, तर वाहिनीच निकामी!

४/ ऑइल इंडियाने यावर काढलेला उपाय मला त्या पिढीच्या अभियांत्रिकीतील अत्यंत देखणा वाटतो. तेल वाटेत तापवत न नेता आधीच त्यावर संस्कार करायचे: ९० अंशांपलीकडे तापवून सारे मेण विरघळवायचे, मग ठरलेल्या मंद गतीने, अखेरच्या टप्प्यात मुळीच न ढवळता, निववायचे.

५/ याचे मर्म आपल्या स्वयंपाकघरात आहे. कढवलेले तूप सावकाश निवले तर रवाळ होते. झटकन गार केले तर गुळगुळीत, घट्ट बसते. पदार्थ तोच, प्रमाण तेच. मेणाचे रवे मोठे आणि सुटे झाले की जाळे दुबळे पडते, आणि थंडीतही तेल वाहते.

६/ मात्र अर्धवट तापवणे घातक. मेण थोडेच वितळले, तर तेल पूर्वीपेक्षाही लवकर गोठू शकते. पूर्वी किती तापलो, कसे निवलो, हे जणू त्याच्या स्मरणात राहते.

७/ महाराष्ट्राचा संबंध पुढचा. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबई हाय येथे तेल शोधले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. आरंभी जहाजांतून येणारे तेल १९७८ पासून समुद्रतळावरील वाहिनीने उरणला येऊ लागले. हे तेलही मेणयुक्तच, आणि येथे नळाभोवती माती नव्हे, समुद्र होता.