हाडांखालची माती

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे एक लहान गाव आहे. वरोरा म्हटले की लोकांना आनंदवन आठवते, फार तर जुनी कोळशाची खाण. पिसदुऱ्याचे नाव मात्र कोलकाता, लखनौ आणि लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकांत पिढ्यान् पिढ्या छापले जात आले आहे. त्याला कारण झाले तिथल्या लाल मातीतून उघडी पडणारी डायनासोरची हाडे, आणि हाडांहून अधिक, त्यांच्याभोवती पडलेले शेणाचे दगड.

या भागातल्या जीवाश्मांची पहिली नीट दखल घेतली ती नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी. १८४५ मध्ये नागपुरात आलेले हे स्कॉटिश मिशनरी शाळा चालवता चालवता दगड गोळा करत. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लिहिलेला लेख १८५५ मध्ये लंडनला छापला गेला. पिसदुऱ्याच्या मोठ्या हाडांचा उल्लेखही त्यांच्या लेखनात येतो. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पूर आलेल्या नदीत ते बुडाले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.

पुढची कथा नावांची आहे. १८७९ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी पिसदुऱ्याच्या शेपटीच्या मणक्यांवरून एक प्राणी उभा केला आणि त्याला टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी असे नाव दिले. १९३३ मध्ये फॉन ह्युने आणि मॅटली यांनी इथली काही हाडे थेट दक्षिण अमेरिकेतल्या लाप्लाटासॉरसच्या गोतावळ्यात बसवली. आज लायडेकरांचे नाव अभ्यासक खात्रीचे मानत नाहीत. दोन-चार मणक्यांच्या भरवशावर केलेले बारसे फार टिकत नाही. पण ज्या मातीतून ते मणके निघाले ती माती तिथेच होती, आणि जवळजवळ शंभर वर्षे तिच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. हाडे उचलायची, पेटीत भरायची आणि आगबोटीने पाठवायची, हीच तेव्हाची रीत होती.

या मातीचे भूशास्त्रातले नाव लामेटा. जबलपूरजवळच्या लामेटा घाटावरून ते पडले. दख्खनचा काळा कातळ ज्या लाव्हारसाने बनला, त्याच्या खाली हे थर सापडतात. म्हणजे सुमारे साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी, लाव्हा पसरण्याच्या जरा आधी, ही इथली उघडी जमीन होती. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आशियापासून तुटलेला भूखंड होता.

मग ही जमीन दिसायला होती कशी? जबलपूरमध्ये यावर मोठा वाद झाला. तिथल्या चुनखडी थरांत काही भूशास्त्रज्ञांना समुद्रकिनारा दिसला. भरती-ओहोटीच्या खुणा आहेत, असे ते म्हणत. १९८७ मध्ये मायकेल ब्रुकफील्ड आणि अशोक साहनी यांनी त्याच खडकाचा वेगळा अर्थ लावला. त्यांच्या मते हा चुना समुद्राने आणला नव्हता, जमिनीतच तयार झाला होता. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. विहीर खणताना लागणारे चुनखडीचे खडे त्याने पाहिलेले असतात. पावसात पाणी मुरते, कोरड्या महिन्यांत ते वाळते आणि विरघळलेला चुना गाठींच्या रूपाने मागे राहतो. अशा गाठी बनायला कमी पाऊस आणि लांब कोरडा हंगाम लागतो. एकाच दगडाच्या दोन वाचनांत समुद्रकिनारा नाहीसा झाला आणि त्या जागी ऋतूंवर जगणारे कोरडे मैदान आले.

चंद्रपूर-नागपूरच्या सीमेवरचे नांद-डोंगरगाव खोरे धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात असेच थराथराने वाचले. पिसदुऱ्याची चिकणमाती लाल आहे, मधूनमधून हिरवट. ज्या मातीत हवा खेळते तिच्यातले लोह गंजून लाल होते. पाणी साचून राहिले की ती हिरवट पडते. नदीचा पूर काठ ओलांडून पसरावा, गाळ टाकून ओसरावा आणि पुढचे महिने ती जमीन उन्हात तापावी, असा हा प्रदेश. थोड्याच अंतरावर डोंगरगावला चित्र बदलते. तिथल्या पातळ थरांच्या मातीत आणि चुनखडकात मासे आहेत, गोगलगायी आहेत, डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल आहे. तिथे तलाव होता.

त्याच डोंगरगावच्या टेकडीवर १९८० च्या दशकात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांना एकाच प्राण्याचा बराचसा सांगाडा मिळाला. कवटी नव्हती, मागचे पायही नव्हते, पण मान, पाठ आणि शेपटी होती. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टी म्हटले. २००३ मध्ये त्याचे नाव इसीसॉरस झाले. त्यातले ‘इसी’ म्हणजे त्या संस्थेचीच आद्याक्षरे. संख्याशास्त्राच्या संस्थेने डायनासोर शोधावा हे विचित्र वाटेल, पण प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीच १९५७ च्या सुमारास लंडनच्या पॅमेला रॉबिन्सन यांना बोलावून तिथे जीवाश्मांचे काम सुरू करवले होते.

आता शेणाकडे. १९३९ मध्ये चार्ल्स मॅटली यांनी पिसदुऱ्याच्या या गोळ्यांवर स्वतंत्र लेख लिहून त्यांचे आकारावरून गट पाडले. पण त्यांच्या आत खरोखर डोकावले गेले ते साठेक वर्षांनी. २००३ च्या एका अभ्यासात त्यांच्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून खाणे वनस्पतींचेच असल्याचे कळले. आणि २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉम्बर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांचा लेख आला. गवताच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण साठतात. पाने कुजली तरी ते कण उरतात, आणि त्यांच्या आकारावरून कुळ ओळखता येते. पिसदुऱ्याच्या शेणात असे कण निघाले, तेही गवतांच्या किमान पाच वेगवेगळ्या गटांचे. तोपर्यंत गवत आणि डायनासोर यांची कधी गाठच पडली नाही, असे समजले जाई. २०११ मध्ये याच गावच्या शेणातून भाताच्या कुळातल्या गवताचा पुरावा पुढे आला. झाडीपट्टीच्या भातशेतीशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण मधली साडेसहा कोटी वर्षे फार मोठी आहेत.

दुसराही एक मोह आवरायला हवा. गवत सापडले म्हणून चित्रकाराने लगेच कुरणे रंगवू नयेत. त्याच शेणात ताड कुळातली झाडे, सूचिपर्णी वृक्ष आणि रुंद पानांच्या वनस्पतीही आहेत. गवत हा जेवणातला लहान घास होता. शिवाय शेण कोणाचे, हा प्रश्न उरतोच. टायटॅनोसॉरचे, असे म्हणतात ते हाडे शेजारी सापडतात म्हणून. पण त्याच मातीत कासवांची कवचेही भरपूर आहेत. एवढ्या अवाढव्य प्राण्याचे गोळे इतके लहान कसे, ही शंका रास्तच आहे.

दक्षिणेला गडचिरोलीच्या सिरोंचा भागात, प्राणहितेच्या काठी, खडक याहून कितीतरी जुने आहेत. जमीन खचून बनलेल्या लांब दरीत नद्यांनी कोट्यवधी वर्षे गाळ भरला. कोटा गावाजवळच्या पातळ पापुद्र्यांच्या चुनखडकातले खवलेदार मासे १८५१ मध्येच फिलिप एगर्टन यांनी वर्णिले होते. पापुद्रे इतके सलग राहिले, माशांचे खवलेही शाबूत राहिले, म्हणजे पाणी शांत असले पाहिजे. हाही एक तलावच.

त्याच थरांच्या खालच्या भागात मात्र शांतता नाही. प्राणहितेच्या खोऱ्यातल्या पोचमपल्लीजवळ १९५८ पासून हाडे मिळू लागली आणि १९६०-६१ मध्ये मोठे उत्खनन झाले. सुमारे २७६ चौरस मीटर जागेत तीनशेच्या आसपास हाडे निघाली, किमान सहा प्राण्यांची. मांडीचे एक हाड १.७ मीटर लांब होते. १९७५ मध्ये या प्राण्याचे नाव ठेवले बारापासॉरस टागोराय. बंगालीत ‘बडा पा’ म्हणजे मोठा पाय, आणि १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. नाव गाजले, पण दृश्य कळते ते हाडांबरोबर सापडलेल्या वस्तूंवरून. सांगाडे विस्कटलेले होते आणि त्यांच्यात कोळशासारखी झालेली झाडांची मोठी खोडे अडकली होती. प्राणी आणि झाडे एकत्र वाहून आणणारे पाणी म्हणजे महापूर. काठावर दाट झाडी, तिच्यात वावरणारा कळप आणि एका पावसात सगळे वाहून गेलेले, असा अर्थ अभ्यासकांनी लावला.

सिरोंच्यातच वडधमला वनखात्याने जीवाश्म उद्यान केले आहे. तिथे दगड झालेली खोडे पाहता येतात. कोटा थरांचे वय मात्र अजून वादात आहे. मासे आणि डायनासोर पाहणारे त्यांना ज्युरासिकच्या आरंभाकडे नेतात, तर परागकण तपासणारे काहीजण ते थर बरेच अलीकडचे असल्याचे सांगतात.