एटी-एटीफाइव्ह आणि पंच्याऐंशी

पन्हाळ्यात आपण सगळे लहानपणापासून ‘सातबारा’ म्हणत आलो. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा तो एकत्र उतारा. पण त्याला ‘सातशे बारा’ कुणी म्हणत नाही. आकड्याचं एकदा नाव झालं की तो मोजायचा नसतो. संगणकाच्या चिप्सचंही तसंच झालं.

इंटेलने १९७१ मध्ये ४००४ ही चार बिटांची चिप आणली, १९७२ मध्ये आठ बिटांची ८००८ आणि १९७४ मध्ये ८०८०. १९७६ च्या ८०८५ मधला पाच म्हणजे फक्त पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणारी. इंजिनिअरिंगला आम्ही हीच शिकलो. मराठी माध्यमातले असूनही ‘आठ हजार पंच्याऐंशी’ कुणी म्हटलं नाही. सगळे ‘एटी-एटीफाइव्ह’च म्हणायचे. १९७८ ची ८०८६ झाली ‘एटी-एटीसिक्स’. पुढे ८०२८६ आणि ८०३८६ आल्या, तेव्हा नाव लांबलं म्हणून पहिलं ‘एटी’ गळलं आणि ‘टू-एटीसिक्स’, ‘थ्री-एटीसिक्स’ उरलं.

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने ‘३८६’ या आकड्यावर इंटेलला मालकी दिली नाही. म्हणून १९९३ मध्ये ‘५८६’ऐवजी ‘पेंटियम’ आली. ग्रीक ‘पेंटे’ म्हणजे पाच, आपल्या ‘पंच’चं भावंडच. ती घडवणाऱ्यांतले एक प्रमुख, विनोद धाम, यांचा जन्म पुण्याचा.

दहावीनंतर या इंग्रजी आकड्यांना बिचकून आपल्यातल्या काही हुशार मुलामुलींनी सायन्सचा नाद सोडला. गणित त्यांना येत होतं, फक्त उच्चार नवे होते. खरं तर ‘पंच्याऐंशी’ म्हणताना आपण पाच आधी म्हणतो, ऐंशी नंतर. ८०८५ सुद्धा दोन बाइटचा पत्ता मेमरीत ठेवताना खालचा बाइट आधी ठेवते, वरचा नंतर. शहरातल्या मुलांना हे उलटं वाटायचं. पाढे पाठ केलेल्या मला त्यात काही नवल वाटलं नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘बावीस’सोबत ‘वीस दोन’ आलं आणि केवढा वाद झाला! मला वाटतं, मुलांना दोन्ही यावं. आपल्यापैकी जे आज शिकवतात, त्यांना एवढीच विनंती: पंच्याऐंशी पक्कं करून घ्या आणि त्याच तासाला एटीफाइव्हही म्हणवून घ्या. आमचे पाढे घोटून घेणाऱ्या गुरुजनांना नमस्कार.