अ‍ॅम्स्टरडॅमचे दोन पाये

प्रवासी नवें नगर पाहावयास जातो तो त्याची शोभा पाहण्यासाठीं. त्याच्या पायाची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. कालव्यांच्या अ‍ॅम्स्टरडॅममध्यें मात्र पहिल्याच दिवशीं पायाचा विचार टाळतां येत नाहीं. आम्ही आगगाडींतून उतरलों तें मध्यवर्ती स्टेशनच मुळीं पाण्यांत भर घालून केलेल्या तीन बेटांवर उभें आहे. १८८९ सालीं तें खुलें झालें आणि त्याचा भार ८,६८७ लांकडी खांबांवर आहे.

येथील भूमि म्हणजे दलदल. आम्स्टेल नदीला घातलेल्या बांधावरून या गांवाला नांव मिळालें. त्याचा पहिला लेखी उल्लेख १२७५ च्या जकातमाफीच्या सनदेंत सांपडतो. १५८५ मध्यें अँटवर्प स्पेनच्या हातीं पडलें, तेथील अनेक धनिक व कारागीर इकडे आले आणि वस्ती कोटांत मावेनाशी झाली. तेव्हां १६१३ पासून जुन्या गांवाभोंवतीं महाजनांचा, सम्राटाचा व राजपुत्राचा अशा नांवांचे तीन वळणदार कालवे खणण्यास आरंभ झाला.

या कालव्यांतून होडीनें जातांना दोन्ही कांठांचीं घरें पाहून नवल वाटतें. दर्शनी बाजू अरुंद, मागें खोली पुष्कळ. माथ्यावर बाहेर आलेली तुळई व तिला लोखंडी आंकडा. कित्येक घरांच्या भिंती किंचित् पुढें झुकलेल्या आहेत. आंतले जिने इतके चिंचोळे कीं जड वस्तु बाहेरून दोरानेंच वर ओढावी लागते. भिंत पुढें झुकलेली असली म्हणजे ओझें तिच्यावर आपटत नाहीं. व्यापारी खालीं राही व माळ्यावर माल सांठवी. घर आणि वखार एकाच छपराखालीं.

या घरांखालचे खांब मऊ मातींतून सुमारें बारा मीटर खोल, वाळूच्या थरापर्यंत ठोकलेले असतात. लांकूड पाण्यांत कुजत कसें नाहीं, असें वाचकांस वाटेल. खरी गोष्ट उलट आहे: बुडालेलें आहे तोंवरच तें टिकतें, पाणी उतरून हवा लागली कीं तें कुजूं लागतें. म्हणजे पाणी चढलें तर गांव बुडणार, आणि उतरलें तर खचणार. म्हणून नगराध्यक्ष योहानेस हुडे यांच्या काळीं, १६८४ च्या सुमारास, आठ जलद्वारांत जलपातळीचें माप दाखविणाऱ्या संगमरवरी शिळा बसविण्यांत आल्या. त्यांतील एक अद्यापि आपल्या जागीं आहे.

दुपारीं आम्ही मुख्य चौकांतील राजवाडा पाहिला. १६४८ मध्यें १३,६५९ खांबांवर याचें बांधकाम सुरू झालें तें नगरसभागृह म्हणून; राजवाडा तो १८०८ मध्यें झाला. आंतील विशाल दालनांत फरशीवर पृथ्वीच्या दोन गोलार्धांचे नकाशे संगमरवरांत बसविले आहेत. नागरिक त्यांवरून चालत असत. तेथें उभें राहिल्यावर आम्हांस या नगराच्या दुसऱ्या पायाची आठवण झाली.

हा पाया समुद्रापलीकडचा. १६०२ मध्यें डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली, तेव्हां एकट्या अ‍ॅम्स्टरडॅमांत १,१४३ जणांनीं पैसा गुंतविला. त्यांत एका घरच्या मोलकरणीचे १०० गिल्डरही होते. पण १६२१ मध्यें याच कंपनीच्या यान कूननें जायफळाच्या मक्त्यासाठीं बांदा बेटें जिंकलीं; तेथील बहुतेक रहिवासी मारले गेले, उपासमारीनें मेले किंवा हद्दपार झाले, आणि बागांतून गुलाम राबूं लागले. आपल्या कोंकणांतही वेंगुर्ल्यास १६३७ मध्यें डचांची वखार झाली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवणें हा तिचा एक हेतु होता. तेथून गेलेलीं पत्रें शिवकालाच्या अभ्यासकांस आज उपयोगी पडतात.

सायंकाळीं कालव्यांत दिव्यांचीं प्रतिबिंबें पडलीं तेव्हां या नगराचें सौंदर्य आम्हांस कमी वाटलें नाहीं, आणि तें कमी मानण्याचें कारणही नाहीं. चिखलावर नगर उभारून, पिढ्यान्‌पिढ्या पाण्याशीं हिशेब ठेवून तें जगविणें हा मोठा पुरुषार्थ आहे. पण हिशेब पुरा व्हावयाचा तर दुसऱ्या पायाचीही नोंद हवी. १ जुलै २०२१ रोजीं येथील नगराध्यक्षांनीं गुलामगिरींतील शहराच्या सहभागाबद्दल जाहीर क्षमा मागितली. ज्या नगरानें पाण्याची पातळी शिळेवर कोरून ठेवली, त्यानें आपलें ऋणही असेंच नोंदून ठेवावें, हें त्याच्या जुन्या शिस्तीस धरूनच आहे.