तैनाती फौजेचं कूळ आणि शिरूरची छावणी

शिरूरात, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडच्या घोडनदीत, एका इंग्रज कर्नलची कबर आहे. नाव विल्यम वॉलेस. १८०९ च्या मे महिन्यात तो इथंच वारला. गावकरी त्याला ‘सत्पुरुष’ म्हणतात आणि सुगी आली की नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीपुढं ठेवतात, अशी नोंद १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात आहे. आपल्याकडं माणसाचा देव व्हायला फार वेळ लागत नाही, हे खरं. पण साहेबाला सुगीचा मान मिळावा हे जरा अतीच. असो. हा साहेब शिरूरात करत काय होता, ते पाहू.

तो पुण्याच्या तैनाती फौजेचा सेनापती होता. म्हणजे खर्च पेशव्याच्या मुलखातून आणि हुकूम कंपनी सरकारचा. शाळेच्या पुस्तकात या प्रकाराचा जनक म्हणून लॉर्ड वेलस्लीचं नाव येतं. वेलस्लीनं त्याला पक्कं रूप दिलं आणि १७९८ ला निजामाच्या गळ्यात बांधलं, एवढं खरं. पण कूळ त्याच्याही मागं जातं, आणि त्याची एक शाखा आपल्याच घरातून निघते.

फौजेच्या खर्चासाठी मुलूख लावून देणं मराठ्यांना नवं नव्हतं. आपला सगळा सरंजाम त्यावरच उभा होता. दुसऱ्याच्या रक्षणाचा पत्कर घेऊन त्याचा महसूल उचलणंही नवं नव्हतं. १७५२ साली शिंदे-होळकरांच्या मार्फत दिल्लीच्या पातशाहीशी अहदनामा झाला. अब्दाली असो की घरचा बंडखोर, मराठ्यांनी पातशहाला सांभाळायचं. मोबदला पन्नास लाख रुपये, पंजाब-सिंधची चौथाई आणि आग्रा-अजमेरची सुभेदारी. पुढं पन्नास वर्षांनी हाच कागद, फक्त नावं बदलून, वसईला आपल्यापुढं आला. वसईच्या तहाबद्दल इंग्रजांना बोल लावताना आपण हे सहसा आठवत नाही.

दुसरी शाखा फ्रेंचांची. पाँडिचेरीचा डुप्ले हा मुळात व्यापारी कंपनीचा गव्हर्नर. कवायती पलटणी उभ्या करायच्या, त्या देशी राजांना वापरायला द्यायच्या आणि खर्च त्यांच्याकडून काढायचा, ही युक्ती त्याची. त्याचा सरदार बुसी १७५१ पासून हैदराबादेत ठाण मांडून बसला. पगार थकायला लागला तेव्हा १७५३ मध्ये त्यानं निजामाकडून उत्तर सरकार हा पूर्व किनाऱ्यावरचा मुलूखच लावून घेतला. पुढं फ्रेंचांचा व्यापार बसला, तो मुलूख इंग्रजांकडं गेला आणि युक्तीही त्यांच्याकडंच गेली.

पुण्याच्या घरात हे बी आणलं पेशवाईवर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांनी. १७७५ च्या सुरतेच्या तहात त्यांनी कंपनीकडून अडीच हजार माणूस मागितलं. खर्च महिना दीड लाख, तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर, आणि वर साष्टी-वसई. त्यातून जी लढाई जुंपली ती वडगावची इंग्रजांची हार पाहून १७८२ च्या सालबाईच्या तहावर थांबली. त्या वेळेपुरतं निभावलं.

निभावलं त्याचं कारण पुण्याच्या दरबारात एक जुनी, सावध, म्हटलं तर कर्मठ वृत्ती शिल्लक होती. तिचा कागद रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त सापडतो, १७१५-१६ च्या सुमाराचा. इतर सावकार हे नुसते सावकार, पण टोपीकरांच्या, म्हणजे युरोपियनांच्या, पाठीशी त्यांचे राजे आहेत, हे अमात्यांनी नेमकं हेरलं होतं. व्यापाराला त्यांची ना नाही. मात्र वखारीला जागा द्यायचीच तर खाडीच्या तोंडाशी, समुद्राकाठी देऊ नये, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. आलं, विकलं, गेलं, इतकाच संबंध.

या वृत्तीचे वारस म्हणजे पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस. ते बोलण्यात किती गोड आणि पाय किती मागे, हे इंग्रज वकिलांनी चांगलंच अनुभवलं. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच माणूस पुण्यात आला. त्याच्या शब्दाला पॅरिसात किती वजन होतं, हा प्रश्नच होता. पण नानांनी त्याची अशी काही बडदास्त ठेवली की मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. दोन व्यापारी राष्ट्रं एकमेकांना पाण्यात पाहतात तोवर तिसऱ्याला श्वास घ्यायला जागा असते, हे नानांचं गणित. १७९० मध्ये टिपूविरुद्ध त्यांनी इंग्रजांशी तह केला, तेव्हा कॅप्टन लिटलच्या पलटणी परशुरामभाऊ पटवर्धनांबरोबर धारवाडच्या वेढ्यात लढल्या. मोहीम संपली, पलटणी परत गेल्या. पलटणीचं काम घ्यावं, तिला बिऱ्हाड करू देऊ नये, हे त्यांचं धोरण. १७९५ ला खर्ड्याच्या लढाईत तर निजामाचा धडा समोरच होता. त्याच्या पदरी इंग्रजांच्या दोन पलटणी होत्या, पण मराठ्यांवर त्या चालवायला कंपनीनं साफ नकार दिला. पगार घेऊन ऐन वेळी पाठ फिरवणारी फौज, आणि तीही खुद्द जामखेडच्या शेजारी पाहिलेली!

१३ मार्च १८०० ला नाना गेले. त्यानंतरची भाऊबंदकी सांगण्यात अर्थ नाही. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी हडपसरवर पेशवे आणि शिंदे दोघांचा पाडाव केला आणि दुसरा बाजीराव महाडमार्गे वसईला पोचला. बाजीरावाला आपण पळपुटा म्हणून मोकळे होतो, पण एक गोष्ट त्याच्या बाजूनं सांगायला हवी. आधीच्या वाटाघाटींत तोही अडून होता: खर्च देतो, पण फौज कंपनीच्याच मुलखात ठेवा, लागली तर बोलावीन. नानांच्या शाळेतलं एवढं त्याला उमगलं होतं. पाठीशी पुणं असताना हा हट्ट चालला; वसईत, कंपनीच्या छत्राखाली, नाही चालला. ३१ डिसेंबर १८०२ ला सही झाली. किमान सहा हजार पायदळ आणि तोफखाना कायमचा पेशव्याच्या मुलखात, त्यापोटी सव्वीस लाखांचा मुलूख. इंग्रजांशी वैर असलेला कोणी युरोपियन चाकरीत नको. हा रोख शिंद्यांच्या पदरच्या फ्रेंच सरदारांकडं. आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलणं नको. माझ्या मते राज्य गेलं ते या शेवटच्या कलमात; सहा हजार बंदुका ही त्याची नुसती पहाऱ्याची व्यवस्था. सेंट लुबिन पुन्हा पुण्यात येण्याची वाटच बंद झाली.

गंमत अशी की विलायतेतही अमात्यांच्या जातीची माणसं होती. हिंदुस्थानात मुलूख वाढवणं हे इंग्लंडच्या इच्छेला, अब्रूला आणि धोरणाला सोडून आहे, असं पार्लमेंटनं १७८४ च्या कायद्यातच लिहून ठेवलं होतं. वसईच्या तहावर खुद्द मंत्री कॅसलरे यानं १८०४ मध्ये आक्षेप घेतले. मराठ्यांच्या भांडणात आपण कायमचे अडकू, ही त्याची भीती. कंपनीचं कर्ज फुगलं, वेलस्लीला १८०५ मध्ये परत जावं लागलं. तह मात्र कोणी फाडला नाही. खर्च परक्याच्या तिजोरीतून निघत असला की सावध माणसाचंही तोंड लवकर बंद होतं.

मग शिरूर. पुणे-अहमदनगर रस्त्यावर, घोड नदीच्या उताराशी. अहमदनगरचा किल्ला ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतलेलाच होता. फौज पेशव्याच्या डोळ्यांसमोर सलत नाही, आणि बोलावली की लगेच येते, असं हे अंतर. किती लगेच, ते ३१ डिसेंबर १८१७ ला दिसलं, म्हणजे वसईच्या सहीला बरोबर पंधरा वर्षं झाली त्या दिवशी. पुणं तोवर इंग्रजांच्या हाती गेलं होतं; त्यावर पेशवा चालून येतो म्हणून तिथल्या कर्नल बरनं कुमक मागवली. रात्री साडेआठच्या सुमारास कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला: पाचशेच्या आसपास पायदळ, अडीचशे-तीनशे घोडेस्वार आणि दोन तोफा. सकाळी दहाच्या सुमाराला तो भीमेकाठी कोरेगावात होता. चाळीस किलोमीटरांहून जास्त मजल एका रात्रीत. त्या पायदळात महार शिपाई मोठ्या संख्येनं होते. त्यांच्या लढाईची आणि १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी जयस्तंभाला दिलेल्या भेटीची कुळकथा वेगळी, आणि ती वेगळीच लिहायला हवी. पेशव्याच्या मुलखावर पोसलेली छावणी पेशव्यावरच चालून गेली, एवढंच इथं नोंदवायचं.

स्टाँटनबरोबरचे ते घोडेस्वारही याच कुळातले. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनानंतर पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन यानं फास आवळत आणला आणि १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहात बाजीरावाकडून आणखी चौतीस लाखांचा मुलूख काढून घेतला. त्यातून पाच हजार घोडा आणि तीन हजार पायदळ ठेवायचं होतं. त्या घोडदळाचं नाव पूना ऑक्झिलरी हॉर्स. पेशवाई बुडाली, पण हे रिसाले टिकले, आणि पुढं कित्येक वर्षं त्यांचं ठाणं शिरूरलाच राहिलं. भरतीची रीत मात्र अस्सल मराठी: शिलेदारी. स्वारानं आपलं घोडं घेऊन यायचं, सरकारनं पगार द्यायचा. शिलेदाराचं घोडं म्हटलं की आपल्याकडं भीमथडीचं नाव निघणारच, आणि आजचा दौंड तालुका जुन्या भीमथडीतलाच. इंग्रजांनी ही रीत पहिल्या महायुद्धापर्यंत चालवली. १८५७ च्या फेब्रुवारीत हे स्वार इराणात खुशाबला लढत होते. भांडण हेरातचं, धास्ती रशियाची. शिरूरच्या स्वाराला त्यात काय? पण तिथून त्यांनी एक निशाण जिंकून आणलं, टोकाला चांदीचा हात असलेलं, आणि तो हात रेजिमेंटच्या मानाचा झाला.

ती रेजिमेंट आज भारतीय सैन्यात १७ हॉर्स, अर्थात पूना हॉर्स, या नावानं आहे. घोड्यांच्या जागी रणगाडे आले. १९६५ ला लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर आणि १९७१ ला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे तिचे दोन अधिकारी लढता लढता पडले. दोघांनाही परमवीर चक्र मिळालं. बाजीरावाच्या चौतीस लाखांतून देशाच्या पदरात पडलं ते एवढंच, आणि ते थोडं नाही.