पेंडीतलं उरलेलं तेल

शेंगदाणा कागदात चुरडला की कागदावर तेलकट डाग पडतो. हा प्रयोग आपण वर्गात करतोच. पण चुरा कितीही दाबला तरी थोडं तेल त्यात राहतंच. घाण्यावर हीच अडचण होती. १९०० साली अमेरिकेत व्हलेरियस अँडरसननं एक्स्पेलरचं पेटंट घेतलं. त्यात फिरत्या स्क्रूनं सलग दाब देता येई, तरी पेंडीत पाच-सहा टक्के तेल उरेच. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं, तिथे हे चालून जातं. सोयाबीनमध्ये ते जेमतेम १८ ते २० टक्के. म्हणजे पाव भागाच्या आसपास तेल पेंडीबरोबर गेलं!

मग दाबण्याऐवजी विरघळवायचं. द्रावकात तेल उतरवायचं, मिश्रण तापवून द्रावक उडवायचा, वाफ थंड करून तोच पुन्हा वापरायचा. पेंडीत टक्काभरही तेल उरत नाही. प्रश्न एवढाच, की द्रावक कोणता? एकोणिसाव्या शतकात कार्बन डायसल्फाइड वापरत. तो ४६ अंशांना उकळतो आणि त्याची वाफ ठिणगीशिवाय, नुसत्या तापलेल्या नळीनंही पेटू शकते. पेट्रोलियमपासून मिळणारे द्रावकही ज्वालाग्राहीच.

त्यामुळे ट्रायक्लोरोएथिलीन हे वरदानच वाटलं. तेल छान विरघळतं आणि आगीची धास्ती जवळजवळ नाही. पण १९१६ साली स्कॉटलंडमध्ये स्टॉकमन यांनी एक विचित्र गोष्ट नोंदवली. या द्रावकानं तेल काढलेली सोयाबीनची पेंड खाऊन गुरं रक्तस्रावानं मरत होती. पुढे जर्मनीत तेच झालं. तिथल्या गावावरून रोगाला 'ड्यूरेन रोग' असं नाव पडलं. हाडांतला मगज रक्तपेशी तयार करणं थांबवी.

हे छापून आलेलं असूनही अमेरिकेत छोट्या गिरण्यांसाठी पुन्हा हाच द्रावक निवडला गेला. मला याचं आश्चर्य वाटतं, पण कारण समजतं. स्फोटापासून संरक्षण असलेला कारखाना उभारणं छोट्या गिरणीला परवडत नव्हतं. १९५०च्या सुमारास तिथेही वासरं दगावू लागली.

द्रावक नीट उडवला नसेल, असं कुणालाही वाटेल. पण वास पूर्ण गेलेली पेंडही विषारी ठरत होती! १९५७ साली उलगडा झाला. पेंडीतल्या प्रथिनांमध्ये सिस्टीन हे अमिनो आम्ल असतं. गरम पेंडीत द्रावक त्याच्याशी संयोग पावून प्रथिनाचाच भाग होऊन बसे. वाफेनं जाणार कसा?

गिरण्यांनी तोवर हा द्रावक सोडला होता. आज बहुतेक ठिकाणी हेक्सेन वापरतात. ते ६९ अंशांना उकळतं आणि प्रथिनांच्या वाटेला जात नाही. मात्र त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. गळती झाली तर ती जमिनीलगत पसरून गटारांत साचते, आणि तिथे एक ठिणगी पुरते.