खानदेशातील प्रथिनपुरवठा : पशुधन, मत्स्योत्पादन व शासकीय धोरण

तापी नदीच्या मधल्या खोऱ्यातील जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे मिळून महाराष्ट्रातील खानदेश होतो. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. पूर्व खानदेशचा पुढे जळगाव आणि पश्चिम खानदेशचा धुळे जिल्हा झाला. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा काढण्यात आला. या प्रदेशातील लोकांना दूध, मांस, अंडी व मासे यांतून किती व कशी प्रथिने मिळत आली, हा इतिहास सहसा स्वतंत्रपणे मांडला जात नाही. त्याचे कारण उघड आहे. येथे गाय पाळली गेली ती मुख्यतः बैलासाठी, आणि धरणे बांधली गेली ती कालव्यांसाठी. दूध व मासे ही दोन्ही त्यांची उपफळे होत. शासकीय दप्तरातही पशुसंवर्धन, दुग्धविकास, मत्स्यव्यवसाय, वने, पाटबंधारे व बालविकास यांचे कारभार वेगवेगळे राहिले. परिणामी कोणाच्या ताटात काय पडावे, हे पुष्कळदा अन्नाचा विचार न करता घेतलेल्या निर्णयांनी ठरले.

खानदेश हा मुळात पशुपालकांचा प्रदेश. येथील अहिराणी बोलीचे नाव अहीर अथवा आभीर लोकांशी जोडले जाते. असीरगडचा आसा अहीर हा हजारो गाईम्हशींचा व मेंढ्यांचा धनी होता आणि त्याच्याकडून फारुकी सुलतानाने गड कपटाने घेतला, अशी कथा फिरिश्ता या इतिहासकाराने दिली आहे. तिचा तपशील शब्दशः खरा मानण्याचे कारण नाही. मात्र गुरांचे कळप हेच येथील संपत्तीचे माप होते, ही समजूत तीतून दिसते. खिलार जातीच्या गुरांचा तापी खिलार अथवा ठिल्लारी हा प्रकार येथलाच. पांढरा रंग, गुलाबी नाकपुडी व तसेच खूर ही त्याची लक्षणे सांगितली जातात. ही जनावरे चपळ व काटक असतात, पण दुधाला कमी. दुधासाठी म्हैस व गीर गाय यांवर भर असे. सातपुड्यापलीकडील निमाडी बैलही बाजारात येत. धुळे जिल्ह्याच्या साक्री भागातील ठेलारी मेंढपाळ पावसाळ्यानंतर मेंढ्या घेऊन बाहेर पडत. कापणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवून शेतकऱ्याला खत मिळे व मेंढपाळाला धान्य. नद्यांवर भोई व कोळी मासेमारी करीत. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या पात्रात टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावणे हाही भोई लोकांचा धंदा होता. सातपुड्यातील भिल्ल व पावरा यांच्या आहारात ओढ्यांतील मासे, खेकडे, शिकार आणि अंगणातील कोंबड्या यांचा वाटा मोठा होता.

होळकरांच्या काळातील लढाया, १८०३-०४ चा दुष्काळ व पेंढाऱ्यांचे हल्ले यांमुळे १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती आलेला खानदेश बराचसा ओसाड होता. ओसाड जमीन ही महसुली दृष्टीने तूट. पण गुरांच्या दृष्टीने ते कुरण होते. पुढील साठ-सत्तर वर्षांत ही पड झपाट्याने लागवडीखाली आली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव वाढले आणि त्याच दशकात लोहमार्ग भुसावळपर्यंत आला. कपाशी वाढली तशी बैलांची गरज वाढली. चराई मात्र आटली. १८७८ च्या भारतीय वन अधिनियमानंतर सातपुड्यातील व सह्याद्रीच्या उतारावरील जंगले राखीव होऊ लागली, तेव्हा चराई ही परवान्याची व शुल्काची बाब बनली. एका बाजूने नांगर आणि दुसऱ्या बाजूने वनखाते अशा कात्रीत पशुपालक सापडले. १८९९–१९०० च्या छपन्न्या दुष्काळात चाऱ्याअभावी जनावरे मोठ्या संख्येने मेली. त्या दुष्काळाचा विचार धान्याच्या टंचाईपुरता केला जातो, तो अपुरा आहे : बैल मेला की पुढील वर्षाची पेरणी जाते आणि गाय मेली की पुढील चार वर्षांचा बैल जातो.

नद्यांच्या बाबतीत सरकारचे लक्ष उशिरा गेले. फ्रान्सिस डे याने १८७३ मध्ये भारत व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्यातील मासे व मासेमारी यांवरील अहवाल दिला आणि बारीक जाळ्यांनी व सापळ्यांनी होणारा पिलांचा नाश दाखवून दिला. त्यानंतर १८९७ चा मत्स्यव्यवसाय अधिनियम झाला व सुरुंग आणि विष यांनी मासे मारण्यास बंदी आली. वनस्पतींच्या रसाने डोहातील माशांना गुंगी आणण्याची डोंगरी लोकांची रीत त्यामुळे गुन्हा ठरली. बंदी शास्त्रीय दृष्ट्या योग्य होती. परंतु तिच्या बदल्यात डोंगरातील माणसाने काय खावे, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेत नव्हता.

या सर्व काळात खानदेशी शेतकऱ्याच्या आहारातील प्रथिनांचा मुख्य आधार कडधान्ये हाच होता. ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी हे त्याचे उत्तम उदाहरण. ज्वारीत लायसीन हे ॲमिनो अम्ल कमी असते व उडदात ते भरपूर असते; उलट उडदात मेथिओनीन कमी पडते, ते ज्वारी भरून काढते. हा मेळ प्रयोगशाळेत सिद्ध होण्यापूर्वी कित्येक पिढ्या खानदेशच्या जात्यावर साधला गेला होता. आज जळगाव हे डाळगिरण्यांचे मोठे केंद्र आहे. मात्र देशातील डाळींच्या मागणीचा एक भाग म्यानमार व आफ्रिकेतून येणाऱ्या कडधान्यांवर भागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथिनांचा प्रश्न जागतिक झाला. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने येऊ घातलेल्या ‘प्रथिन-संकटा’चा इशारा दिला व पौष्टिक पीठे, मत्स्यचूर्ण इत्यादींच्या योजना पुढे आल्या. या मतास ज्यांनी आव्हान दिले त्यांत पां. वा. सुखात्मे (१९११–९७) हे मराठी संख्याशास्त्रज्ञ अग्रभागी होते. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले सुखात्मे अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. भारतीय आहारातील प्रथिनांची तूट ही बहुधा स्वतंत्र तूट नसून एकूण अन्नच अपुरे असल्याचा परिणाम आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कारण उष्मांक कमी पडले की शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. १९७३ मध्ये तज्ज्ञ समितीने प्रथिनांच्या गरजेचे प्रमाण खाली आणले. कुपोषणाच्या मोजणीविषयी सुखात्मे यांनी पुढे जी मते मांडली त्यांवर वि. म. दांडेकर आदींनी हरकती घेतल्या. प्रथिनांपुरते पाहता सुखात्मे यांचा मुद्दा मैदानी खानदेशाला बराचसा लागू पडतो. लहान मूल, गर्भवती व स्तनदा माता यांच्या बाबतीत मात्र केवळ भाकरी वाढवून भागत नाही. थोड्या अन्नात अधिक व सुपाच्य प्रथिने मिळण्यासाठी दूध, अंडे व मासळी यांचे मोल त्यांना अधिक असते.

स्वातंत्र्यानंतर खानदेशात पाण्याचा नकाशा बदलला. पांझरा नदीवरील लहान बंधारे व फड पद्धतीची सिंचनव्यवस्था पूर्वीपासून होती. आता मोठी धरणे आली. नाशिक जिल्ह्यातील पांझण येथील गिरणा धरण १९६९ मध्ये, गुजरातेतील उकाई १९७२ मध्ये व भुसावळजवळील तापीवरचे हतनूर १९८२ मध्ये पूर्ण झाले. उकाईच्या फुगवट्याखाली नवापूर भागातील जमीन गेली. या जलाशयांत मासे वाढविणे शक्य झाले ते एका शोधामुळे. कटला, रोहू व मृगळ हे उत्तरेतील नद्यांचे मासे स्थिर पाण्यात सहसा वीत नाहीत; त्यांचे बीज पूर्वी कलकत्त्याहून रेल्वेने आणावे लागे व वाटेत पुष्कळ मरे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हीरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे अंतःक्षेपण करून या माशांचे प्रेरित प्रजनन घडविले. त्यामुळे मत्स्यजिरे स्थानिक केंद्रांत तयार करणे व बोटुकली आकाराची पिले जलाशयात सोडणे सुकर झाले. महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६० नंतर जलाशय ठेक्याने देण्याची पद्धत रूढ झाली व भोई, कोळी आणि आदिवासी यांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या.

तथापि जलाशयाचा मालक पाटबंधारे खाते होय. रब्बीचे व उन्हाळी आवर्तन केव्हा सोडावे, किती सोडावे हे पिके व पिण्याचे पाणी पाहून ठरते आणि त्यात माशांचा हिशेब नसतो. अवर्षणाच्या साली पाणी मृतसाठ्यापर्यंत उतरते, तेव्हा संस्थेने पैसे भरून सोडलेले बीज वाढण्याआधीच काढावे लागते किंवा मरते. ठेक्याची रक्कम मात्र पाण्यावर अवलंबून नसते. नदीच्या प्रवाहात स्थलांतर करणाऱ्या देशी माशांची वाट धरणांनी अडवली, तीही गोष्ट उत्पादनाच्या आकड्यांत दिसत नाही. मरळ व वाम हे स्थानिक मासे बाजारात चढ्या भावाने विकले जातात यावरून त्यांची दुर्मिळता समजते. जलाशयातील कटला तालुक्याच्या बाजारात व पुढे शहरांत जातो. धरणाखालच्या कोरड्या पात्राकाठी राहणाऱ्या भोयाला तो विकत घ्यावा लागतो.

दुधाच्या बाबतीत १९७० मध्ये सुरू झालेल्या दूध महापूर योजनेने सहकारी संकलनाची घडी देशभर बसविली व जळगाव जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ हा तिच्या खानदेशातील प्रमुख आविष्कार ठरला. गावोगावच्या संकलन केंद्रांमुळे शेतकऱ्याच्या घरी रोख पैसा येऊ लागला. संकरित गाई आल्या, म्हशी वाढल्या. येथे चाऱ्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९६४ मध्ये प्रसारित झालेल्या सीएसएच-१ या संकरित ज्वारीपासून धान्य वाढले, पण ठेंगण्या ताटांमुळे कडबा घटला. पुढे ज्वारीचे क्षेत्रच कपाशी, मका व केळी यांनी घेतले. उरली ती सरकीची ढेप. खानदेशातील दुभत्या म्हशीचे खाद्य त्यामुळे कापसाच्या बाजाराशी बांधले गेले आहे : कापूस पडला की ढेप महागते व दुधाचा भाव मात्र संघ ठरवतो.

ही अवस्था एकट्या खानदेशाची नाही. पश्चिम युरोपने महायुद्धानंतर दूध, मांस व अंडी यांत विपुलता मिळविली ती आयात सोयाबीनच्या पेंडीवर. २७ जून १९७३ रोजी अमेरिकेने सोयाबीनची निर्यात रोखली, तेव्हा आपले गोठे दुसऱ्याच्या शेतावर उभे आहेत हे युरोपच्या ध्यानात आले. १९८३ मध्ये तेथे सामायिक मत्स्यधोरण ठरले, पण मासे, पशुखाद्य व शेती यांचा एकत्र विचार फार पुढे सुरू झाला. युरोपीय संसदेने प्रथिनांच्या स्वतंत्र धोरणाविषयी ठराव केला तो २०२३ मध्ये. खानदेशातील पशुखाद्य बहुतांशी आसपासच्या शेतांतून येते, एवढ्यापुरती येथील स्थिती बरी म्हणावी लागेल.

कोंबड्यांचा व्यवसाय हा या प्रदेशातील सर्वांत नवा व सर्वांत केंद्रित भाग. गुजरातच्या सीमेवरील नवापूर येथे सुरतेच्या बाजारपेठेच्या आधाराने मोठी कुक्कुटपालन केंद्रे उभी राहिली. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातील बर्ड फ्ल्यूचा पहिला प्रादुर्भाव येथेच जाहीर झाला. लाखो पक्षी मारून पुरण्यात आले व देशभर अंडी-कोंबडीचे भाव कोसळले. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील सावदा, मारूळ आदी गावांत हा रोग आढळला. तेथे केंद्रे नव्हती, तर घरोघरच्या पाच-दहा कोंबड्या होत्या. मोठ्या केंद्राचे नुकसान हिशेबात मांडता येते व ते कर्ज काढून पुन्हा उभे राहते. अंगणातील कोंबडी ही गरीब घरातील बाईची शिल्लक असते आणि आजाऱ्याचे व बाळंतिणीचे अन्नही. ती गेल्याची भरपाई पक्ष्यामागे ठरलेल्या दराने पूर्ण होत नाही. नवापुरात २०२१ मध्ये हा रोग पुन्हा आला. पुढील वर्षी ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातील चिनावल येथे गुरांच्या लंपी चर्मरोगाच्या त्या वर्षीच्या साथीची महाराष्ट्रातील पहिली नोंद झाली व सप्टेंबरमध्ये राज्यातील गुरांचे बाजार बंद करावे लागले. २०१५ च्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक मिळणे आधीच अवघड झाले होते. त्यात ही भर पडली.

सातपुड्यातील धडगाव व अक्कलकुवा हे तालुके बालकुपोषणासाठी दीर्घकाळ चर्चेत आहेत. सरदार सरोवराच्या पाण्याखाली याच तालुक्यांतील नर्मदाकाठची गावे गेली. २०१५ मध्ये राज्याने आदिवासी क्षेत्रातील गर्भवती व स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली व पुढे तीत लहान मुलांना अंडी, आणि अंडी न खाणाऱ्यांना केळी, देण्याची तरतूद केली. योजना स्वागतार्ह आहे. मात्र केळे हा अंड्याचा प्रथिनांच्या दृष्टीने पर्याय नव्हे, ही गोष्ट केळीच्या मुलखात तरी सांगावी लागते. अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, केळ्यात जेमतेम १ ग्रॅम. शिवाय अंडी डोंगरात बाहेरून न्यावी लागतात व पावसाळ्यात रस्ते तुटले की पुरवठाही तुटतो. याच डोंगरात गावचे ओढे, तळी व कुरणे आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये जलाशयांतील मासे व चराई यांवरील सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केले असून त्यात फिरत्या पशुपालकांच्या हंगामी चराईचाही समावेश आहे. साक्री तालुक्यातील बारीपाडा या गावाने १९९० नंतरच्या दशकात आपले जंगल राखून पाणी व चारा परत मिळविला; या कार्याबद्दल चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री देण्यात आली. गावाने जंगल राखण्यास आरंभ केला तेव्हा वनहक्क कायदा अस्तित्वात यावयाचा होता.