शिवछत्रपतींची मुद्रा आणि चित्रकार जी. कांबळे

भोर-वेल्ह्याच्या मुलखातील कोणत्याही शाळेत, चावडीत अथवा ग्रामपंचायतीच्या कचेरीत प्रवेश केला असता भिंतीवरील एका चित्राकडे दृष्टी आपोआप वळते. ते चित्र श्रीशिवछत्रपतींचे होय. ज्या राजगडावरून महाराजांनी सुमारे पाव शतक राज्यकारभार पाहिला आणि जो तोरणा स्वराज्याच्या आरंभीच त्यांच्या हाती आला, ते दोन्ही गड आपल्या अंगणातून दिसतात. त्यामुळे त्या मुद्रेविषयी आपणा सर्वांस घरच्या माणसाइतका जिव्हाळा वाटावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु ती मुद्रा रंगविणारा चित्रकार कोण आणि हाच चेहरा महाराजांचा, असे कशावरून ठरले, या प्रश्नांचा विचार मात्र क्वचितच होतो. तो येथे थोडक्यात करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्र शासनाने १९७० साली शिवछत्रपतींचे अधिकृत चित्र म्हणून जे मान्य केले, ते कोल्हापूरचे चित्रकार गोपाळ बळवंत कांबळे यांनी रंगविलेले आहे. १९१८ साली जन्मलेले व २००२ साली निधन पावलेले हे कलावंत ‘जी. कांबळे’ या नावाने ओळखले जात. त्यांचे बरेचसे आयुष्य चित्रपटांची भव्य जाहिरातचित्रे रंगविण्यात गेले. व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिरात ते काम करीत होते. पुढे ‘मुघल-ए-आझम’ या चित्रपटाची जाहिरातचित्रे त्यांनीच केली आणि १९६० साली तो मुंबईच्या मराठा मंदिर चित्रगृहात झळकला, तेव्हा तेथील दर्शनी सजावटही त्यांच्याच कुंचल्यातून उतरली. रस्त्यावरून जाणाऱ्यास शंभर पावलांवरून माणूस ओळखता आला पाहिजे, ही त्या धंद्याची पहिली अट. असे चित्र करणाऱ्यास चेहऱ्याचे मर्म कोठे आहे, हे अचूक हेरावे लागते. ही दृष्टीच पुढे त्यांच्या कामी आली, असे म्हणावयास हरकत नाही.

कांबळे यांच्यामागे कोल्हापूरची समृद्ध परंपरा उभी होती. मुंबईत १८५७ साली स्थापन झालेल्या सर ज. जी. कलाशाळेतून पाश्चात्त्य अभिजात पद्धतीचे यथार्थदर्शी चित्रण महाराष्ट्रात रुजले. समोर बसलेल्या व्यक्तीचे निरीक्षण करावे, कोळशाने रेखन करावे, छायाप्रकाशाची वाटणी ठरवावी आणि मग तैलरंगाचे थर चढवीत त्वचा, वस्त्र व धातू यांचा भिन्न पोत साधावा, अशी ती शिस्त. त्या शाळेत शिकलेले आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरच्या दरबारी आश्रयाखाली आपली साधना केली. बाबूराव पेंटर यांनी ती दृष्टी चित्रपटात नेली व १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. कोल्हापुरातच जन्मलेले रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी इतिहासप्रसंगांचे चित्रण मोठ्या प्रतिष्ठेस नेले. भोरप्रमाणेच साताऱ्याच्या जहागिरींपैकी एक असलेल्या औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधी या कलावंत राजाने १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात धुरंधरांच्या कृती आजही पाहावयास मिळतात.

तथापि येथे एक मूलभूत अडचण उभी राहते. यथार्थदर्शी चित्रकाराचे सारे बळ समोर बसलेल्या माणसात असते. महाराज तर १६८० साली कैलासवासी झाले. जो समोर बसू शकत नाही, त्याचे यथार्थ चित्र काढावयाचे कसे?

याचे उत्तर एकच : पुराव्याने. सुदैवाने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील दख्खनी चित्रकारांनी काढलेली महाराजांची काही लघुचित्रे युरोपात पोहोचली आणि तेथे जतन झाली. ॲमस्टरडॅमचे राइक्स संग्रहालय व लंडनचे ब्रिटिश संग्रहालय येथे अशी चित्रे आहेत. निकोलाव मनुची या इटालियन प्रवाशाने मीर महंमद नावाच्या चित्रकाराकडून काढविलेले महाराजांचे अश्वारूढ चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. सरळ धारदार नाक, टोकदार दाढी, मोठे डोळे व शिरोभूषण ही लक्षणे अशा चित्रांतून दिसतात. लेखी पुरावाही आहे. १६६४ साली सुरतेस असलेल्या एस्केलियट या इंग्रज धर्मगुरूने महाराजांचे वर्णन मध्यम उंचीचे, बांधेसूद, तीक्ष्ण नजरेचे, हसतमुख व आपल्या लोकांहून उजळ वर्णाचे, अशा आशयाचे करून ठेवले आहे.

हा पुरावा असतानाही मध्यंतरी मोठा घोटाळा झाला होता, हे आपण विसरता कामा नये. विसाव्या शतकाच्या आरंभी इब्राहिमखान नामक एका सरदाराचे चित्र शिवछत्रपतींचे म्हणून प्रचारात होते. लोक श्रद्धेने त्यास हार घालीत. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी हा भ्रम दूर केला आणि डच साधनांतून हाती आलेले महाराजांचे चित्र १९३३ साली पुण्यात प्रसिद्ध केले. श्रद्धा खरी होती, चेहरा मात्र परक्याचा होता. चित्राखालचे नाव एकदा हरवले अथवा चुकले की पिढ्यान् पिढ्या कशा फसतात, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

समकालीन लघुचित्रे बहुधा एका बाजूने काढलेली व सपाट रंगातली आहेत. तैलचित्रकारास त्या रेषेला हाडामांसाचा आधार द्यावयाचा असतो. प्रकाश कोणत्या बाजूने येतो, गालाचे हाड किती उंच, पापणीची छाया किती गडद, हे स्वतः ठरवावयाचे असते. येथे कल्पनेस वाव आहे, पण मोकळे रान नाही. नाकाची रेषा बदलली की माणूस बदलतो. कांबळे यांच्या चित्राचे मोल याच संयमात आहे. ना त्यात रणावेशाचा भडकपणा, ना देवत्वाची प्रभावळ. एक जबाबदार, सावध आणि शांत राज्यकर्ता आपणाकडे पाहत आहे, एवढेच त्यात दिसते. आणि म्हणूनच ते चित्र शाळेतल्या मुलापासून वृद्धापर्यंत सर्वांस पटले.

ही अभिजात परंपरा आज खंडित झालेली नाही. मुंबईच्या त्याच कलाशाळेत शिकलेले वासुदेव कामत यांना आपल्या पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी २००६ साली अमेरिकेतील पोर्ट्रेट सोसायटीचे ड्रेपर पारितोषिक मिळाले व २०२५ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री जाहीर केली. ज्या माणसाबरोबर संसार केला, त्याचा चेहरा रंगविणे आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या राजाचा चेहरा उभा करणे, या दोन निराळ्या कसोट्या होत. पण दोन्ही ठिकाणी चित्रकाराचे ब्रीद एकच : जे आहे त्याशी इमान राखावे.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. कारीचे कान्होजी जेधे, हिरडस मावळचे बाजीप्रभू देशपांडे, घोडखिंडीत पडलेले बांदलांचे वीर हे सारे याच भूमीतले पुरुष. पण त्यांची अस्सल समकालीन चित्रे आपणांस ठाऊक नाहीत. जे गेले त्यास इलाज नाही. मात्र आपल्या वाड्यांतून व घरांतून आजोबा-पणजोबांची जी तैलचित्रे आणि जुनी छायाचित्रे आहेत, त्यांचे काय? मागील पिढीतील एखादी आत्या वा काकू गेली की ‘हे कोण’ हे सांगणारे कोणी उरत नाही आणि इब्राहिमखानाचा प्रसंग घरोघरी घडू लागतो.

म्हणून आपल्या सभासद कुटुंबांस नम्र विनंती आहे. प्रत्येक चित्रातील व्यक्तीचे पूर्ण नाव, गाव, नाते, अंदाजे साल व चित्रकाराची सही असल्यास ती, एवढे कागदावर लिहून तो कागद चौकटीच्या मागे लाकडास लावावा आणि त्याची एक प्रत घरच्या कागदपत्रांत ठेवावी. आपल्याकडचा पावसाळा दांडगा. ओल येणाऱ्या भिंतीवर चित्र टांगू नये आणि चौकटीमागे लाकडाचे लहान ठोकळे लावून वारा खेळता ठेवावा. देवघराच्या अथवा चुलीच्या धुरापासून चित्र दूर असावे. ते ओल्या फडक्याने पुसणे अथवा चकाकीसाठी त्यास तेल लावणे, हे प्रकार कटाक्षाने टाळावेत.

महाराजांचा चेहरा परत मिळविण्यासाठी संशोधकांस परदेशी संग्रह धुंडाळावे लागले. आपल्या पूर्वजांच्या चेहऱ्यांसाठी पुढील पिढीवर अशी वेळ येऊ नये, एवढी दक्षता आपण आज, घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर, सहज घेऊ शकतो.